चक्कर म्हणजे अशक्तपणा नव्हे

आमच्या वाघोलीत बाईला चक्कर आली की पहिला प्रश्न येतो, "सकाळी काय खाल्लं होतंस?" दुसरा येतो, "उपास होता का?" तिसऱ्या वेळी कुणी विचारत नाही, थेट सांगतात, "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून घे." या तीन वाक्यांनी आमच्या भागातल्या बायकांची किती वर्षं खाल्ली याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही. माझ्यापुरता माझ्याकडं आहे. माझी चार वर्षं गेली.

मी १९८४ साली लग्न होऊन या गावात आले. तेव्हा वाघोली म्हणजे नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं रान, बाजरी-ज्वारी-कांदा, वाघेश्वराचं देऊळ, तळं आणि दगडाच्या खाणी. दुपारी सुरुंग उडाले की घरातली भांडी वाजायची. आज रानाच्या जागी सोसायट्या आहेत, २०२१ साली गाव महापालिकेत गेलं, गल्लोगल्ली दवाखान्यांच्या पाट्या लागल्या. सगळं बदललं. चक्कर आलेल्या माणसाला मिळणारं उत्तर तेवढं तेच राहिलं. आधी ते ओसरीवर मिळायचं, आता पैसे भरून काचेच्या दारामागं मिळतं.

मुळात चक्कर एक नसते. आपल्या बोलीनं हे भेद कधीचे करून ठेवलेत. उपाशीपोटी उन्हात राबल्यावर डोळ्यांपुढं येते ती अंधारी. बसल्या जागेवरून झटकन उठलं की जातो तो झोक. आणि गादीवर नुसती कूस बदलली तरी आढं, भिंती, दिवा सगळं भिंगरीसारखं फिरायला लागतं, ते गरगरणं. अंधारीत माणूस विझल्यासारखा होतो. गरगरण्यात माणूस पुरता जागा असतो आणि जग फिरत असतं. आमच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या आज्यांना हा फरक सांगता यायचा. केसपेपरावर मात्र तिन्हींसाठी एकच शब्द पडतो, चक्कर, आणि त्याच्यापुढं एकच औषध.

हे जे गरगरणं आहे, त्याचं मूळ बहुतेक वेळा पोटात नसतं, रक्तात नसतं आणि डोक्यातही नसतं. ते कानात असतं. कानाच्या अगदी आत, ऐकण्याच्या शंखाला लागून, तीन वाकड्या नळ्या आहेत. त्यांत पाणी आहे. डोकं हललं की पाणी हलतं आणि मेंदूला कळतं की आपण कुठल्या बाजूला वळलो. फुगडी घालून थांबल्यावर अंगण फिरताना दिसतं ना, ते याचंच काम. पाय थांबले तरी नळ्यांतलं पाणी थांबलेलं नसतं.

त्या नळ्यांच्या शेजारी एक पिशवी आहे. तिच्यात चिकट गादीवर चुन्याचे बारीक बारीक कण बसलेले असतात. जमिनीकडं कुठली बाजू आणि आभाळाकडं कुठली, हे त्यांच्या वजनावरून कळतं. वय झालं, हाडं ठिसूळ झाली, डोक्याला मार बसला, किंवा माणूस आजारपणात फार दिवस अंथरुणाला खिळून राहिला, की यातले काही कण सुटतात आणि नळीत जाऊन पडतात. आमच्या खाणीवरच्या भाषेत सांगायचं तर पाइपात कच गेली. मग कूस बदलली, वाकलं, फळीवरचा डबा काढायला मान वर केली, की कच घरंगळते, पाणी ढवळतं आणि मेंदूला खोटी वर्दी जाते की तू फिरतोयस. कच खाली बसली की वर्दी थांबते. म्हणून ही गरगर बहुधा मिनिटभराच्या आत थांबते. मागं राहते मळमळ, घाम आणि भीती.

माझं असंच झालं. २००९ सालच्या पावसाळ्यात पहाटे उजव्या कुशीवर वळले आणि घर फिरलं. धार काढायची होती, तशीच उठले, तर गोठ्याच्या दाराला धरून बसावं लागलं. सकाळी सलाईन लागलं. आठवड्यानं परत झालं, परत सलाईन. मग एकानं सांगितलं, बीपी लो आहे. दुसऱ्यानं सांगितलं, पित्त आहे, चहा सोडा. तिसऱ्यानं मानेचा फोटो काढला, मणक्यात झीज दाखवली आणि गळ्यात पट्टा बांधला. वर्षभर पट्टा वागवला. चौथ्यानं डोक्याचं स्कॅन करायला लावलं. त्या स्कॅनपायी एक कालवड विकली. स्कॅन नॉर्मल आलं. तेव्हा डॉक्टर ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "काही नाहीये. मनाचं आहे. बायकांना या वयात होतं." माझ्याकडं बघून नाही, ह्यांच्याकडं बघून.

आता चार वर्षांत एकाही जाणत्या माणसानं मला हे विचारलं नाही की, बाई, कुठल्या कुशीवर वळल्यावर होतं? किती वेळ टिकतं? कानात आवाज येतो का? हे तीन प्रश्न फुकट आहेत. त्यांना मशीन लागत नाही.

२०१३ साली एका तरुण डॉक्टरीण बाईनं ते विचारले. मला कॉटवर बसवलं, मान उजवीकडं वळवली, आणि डोकं कडेच्या खाली जरा लोंबेल असं झपकन आडवं केलं. घर फिरलं. ती माझ्या डोळ्यांकडं बघत राहिली. बुबुळं एका तालात उडत होती, ते तिनं ह्यांनाही वाकून बघायला लावलं. "दिसलं का काका? हे नाटक कुणाला करता येत नाही," म्हणाली. मग मान डावीकडं, मग अंग डाव्या कुशीवर, तोंड जमिनीकडं, मग उठून बसवलं. सगळं मिळून दहा मिनिटं. त्या रात्री मी चार वर्षांत पहिल्यांदा उजव्या कुशीवर झोपले.

यात त्या पोरीनं नवा शोध लावला नव्हता. आणि माझा राग नेमका इथं आहे. १८६१ साली पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर या डॉक्टरनं सांगितलं होतं की गरगरण्याचं मूळ कानात असू शकतं. तोवर असल्या रोग्यांना मेंदूचा झटका समजत. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानीला कानातल्या या तोलाच्या अभ्यासाबद्दल १९१४ सालचं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. डोकं एका बाजूला नेल्यावर येणारी ही भोवळ त्यानं १९२१ साली लिहून ठेवली. मला कॉटवर आडवं करून केली ती तपासणी लंडनच्या डिक्स बाई आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली मांडली. कच नळीतून बाहेर काढायची ती युक्ती अमेरिकेतल्या जॉन एपलीची. त्यालाही सुरुवातीला त्याच्याच धंद्यातल्या लोकांनी हसण्यावारी नेलं. त्याचा लेख १९९२ साली छापून आला. म्हणजे माझ्या गळ्यात पट्टा बांधला तेव्हा रोग कळून नव्वदच्या आसपास वर्षं आणि उपाय छापून पंधरापेक्षा जास्त वर्षं झाली होती. पुण्यासारख्या शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर.

मग हे ज्ञान नगर रस्त्यानं वाघोलीपर्यंत का आलं नाही? माझं उत्तर सरळ आहे. त्यात विकायला काही नाही. सलाईनला बाटली लागते, पट्ट्याला दुकान लागतं, स्कॅनला मशीन लागतं. एपलीच्या युक्तीला एक कॉट आणि दोन हात लागतात. ज्याची पावती फाडता येत नाही, तो उपाय गावात पोचायला फार वेळ घेतो.

दुसरंही एक कारण आहे, आणि ते जास्त फसवं आहे. हा आजार पुष्कळदा काही दिवसांत, काही आठवड्यांत आपोआप थांबतो, आणि पुढं कधीतरी परत येतो. त्यामुळं मधल्या काळात जो कुणी जे काही करेल, त्याला गुण येतो. सलाईनला गुण आला, पट्ट्याला गुण आला, लिंबू उतरवलं त्याला गुण आला. पट्ट्याची गंमत तर बघा. मान हलूच दिली नाही तर कच हलणार नाही, गरगर कमी होणार. लोक म्हणणार, बघा, मानेचंच होतं. आणि पन्नाशीनंतर मानेचा फोटो काढला तर झीज कुणाच्या मणक्यात दिसत नाही? राबलेल्या बाईच्या तर दिसणारच. फोटोत झीज दिसली म्हणजे गरगरण्याचं कारण सापडलं असं होत नाही.

सलाईनबद्दलही बोलते. अर्धा लिटरच्या मिठाच्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. उलट्या होऊन सुकलेल्या माणसाला त्याचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण कानाचा दुसरा एक आजार आहे, त्या मेनिएरच्याच नावाचा. त्यात आतल्या कानात पाण्याचा दाब वाढतो, कान गच्च होतो, घूं-घूं आवाज येतो, ऐकू कमी येतं, आणि गरगर मिनिटभर नाही, वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत चालते. त्या रोग्याला डॉक्टर सांगतात, मीठ कमी करा, लोणचं-पापड आवरा. आणि आम्ही त्याच्या शिरेत मीठ सोडतो. हा कुठला न्याय?

तीच गत गोळीची. मेडिकलवर जाऊन "चक्करेची गोळी द्या" म्हणलं की मिळते. पहिले दोन-तीन दिवस ओकाऱ्या थांबवायला ती बरी. पण आमच्याकडं बाया वर्षानुवर्षं ती खातात. गोळी कच काढत नाही. ती तोलाचा निरोपच दाबून टाकते. मग मेंदूला नव्यानं तोल शिकायचा असतो, तो शिकत नाही. माणूस दिवसभर गुंगीत. त्यातल्या काही गोळ्या फार काळ घेतल्या तर हात थरथरतात, चाल अडखळते. मग म्हणायचं, म्हातारपण आलं.

माझ्या सासूबाईंना, आम्ही आत्याबाई म्हणायचो, असंच व्हायचं. मान वर करून शिंक्यातलं काढायला गेल्या की भिंत धरायच्या. त्यांना नेमकं काय होतं हे आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण लोकांनी तेव्हा छातीठोक सांगितलं की बाहेरचं आहे. देवऋष्यानं त्यांना केस सोडून घुमायला लावलं. ज्या बाईला नुसती मान वळवली तरी घर फिरतंय, तिला घुमायला लावलं! ती कोसळली तर म्हणाले, बघा, बोलायला लागलंय. आज २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, चांगलं आहे. पण कायदा देवऋष्याला आवरतो. "मनाचं आहे" असं सांगणाऱ्याला कोण आवरणार? दोघांनी एकच काम केलं. बाईच्या अंगात जे होतं ते खोटं ठरवलं.

पुरुषांची वेगळी तऱ्हा. बांधकामावर परांचीवर चढलेला गडी वर बघताना गरगरला आणि बसला, तर मुकादम आधी तोंडाचा वास घेतो. वास आला नाही तरी म्हणतो, रात्रीची उतरली नसेल. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा गडी. म्हणून गडी सांगतच नाही. खाणीवर, टँकरवर, क्रेनवर असे किती जण दात आवळून काम करतात. एखादा पडला की पेपरात येतं, तोल जाऊन मृत्यू. तोल का गेला हे कुणी छापत नाही.

काही लोक म्हणतील, आणि आमच्या पारावर म्हणतातच, की हे सगळं शहरानं आणलं. हवा बिघडली, पाणी बिघडलं, पूर्वी असलं काही नव्हतं. मला हे गोड बोलणं पटत नाही. पूर्वी होतं. नाव नव्हतं. आत्याबाई नगर रस्ता एकेरी होता तेव्हाच्या. जुन्या गावाची मलाही ओढ आहे, पण ज्या गावात आजारी बाईला घुमवत होते त्या गावाला मी सोन्याचं म्हणणार नाही.

डॉक्टर म्हणतील, बाहेर ऐंशी पेशंट बसलेत, एकेकाला तीन मिनिटं मिळतात, त्यात कुठं मान वळवत बसू? हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण सलाईन अर्धा-पाऊण तास चालतं, कॉट अडवतं, आणि तो पेशंट पुढच्या आठवड्यात परत येतो. दहा मिनिटं एकदा द्यायची की दर आठवड्याला तीन मिनिटं, याचा हिशेब भाजीवालीलाही कळेल. या कचेच्या आजारात दहातल्या आठेक जणांना ही युक्ती एक-दोन वेळांत लागू पडते.

आणखी एक शंका लोक घेतात, परत येतं तर उपाय काय कामाचा? परत येतं, खरंय. पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना येतं. मला आतापर्यंत सहा वेळा आलंय. पण नाव माहीत असलेला पाहुणा आणि अंधारात शिरलेला चोर यांत फरक आहे. आता आलं की मी घाबरत नाही. कुठली बाजू आहे ते बघते आणि सुनेला बोलावते.

माझी उजवी बाजू आहे. पलंगावर पाय लांब करून बसते, मान अर्धी उजवीकडं वळवते, आणि खांद्याखाली उशी येईल, डोकं जरा मागं झुकेल अशी आडवी होते. गरगर सुरू होते, ती थांबून वर अर्धा मिनिट जाऊ देते. मग डोकं न उचलता तोंड डावीकडं, तेवढाच वेळ. मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडं, पुन्हा तेवढाच वेळ. मग हळू उठून बसते आणि थोडा वेळ तशीच बसून राहते. डावा कान असेल तर सगळं उलट. पण हे वाचून लगेच करायला जाऊ नका. पहिल्यांदा कानाच्या डॉक्टरकडून बाजू ठरवून घ्या, आणि मानेचं किंवा डोळ्याच्या पडद्याचं दुखणं असेल तर विचारल्याशिवाय नको.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. चक्करेबरोबर बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसले, एक हात-पाय लुळा पडला, पाऊलच टाकता येईना किंवा कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, तर ते कानाचं समजून घरी थांबायचं नाही. तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा घटका मोजत बसू नका, मोठा दवाखाना गाठा.

उरलेल्या दिवसांचंही सांगते, कारण कच निघाली तरी काही दिवस चालताना अधांतरी वाटतं. तोल तीन खांबांवर उभा असतो, कान, डोळे आणि पायाचे तळवे. एक खांब कच्चा झाला की दुसऱ्या दोघांना कामाला लावायचं. मी पहाटे उजाडल्यावर उरलेल्या वावराच्या बांधावरून चालते, आधी बघत, मग मान डावी-उजवी करत. हा व्यायाम आहे, दवाखान्यातही असलेच शिकवतात. घाबरून खाटेवर पडून राहणारा मागं पडतो. अंधारात मात्र डोळ्याचा खांबही जातो. म्हणून रात्री उठताना आधी दिवा, मग पाय.

आणि इथंच हा आजार माझ्या घरातून बाहेर पडतो. शेतीला वीज रात्री दिली की शेतकरी अंधारात विहिरीच्या काठावर मोटर चालू करायला जातो. त्याला कानाचा त्रास असेल तर त्याच्याकडं एकच खांब उरतो, चिखलातले तळवे. केसनंद फाट्यावर रस्ता ओलांडायचा तर दोन्हीकडं झटक्यानं मान वळवावी लागते. शेजारून टँकर, डंपर, आणि पाय टेकायला धड फुटपाथ नाही. चक्करवाल्या म्हातारीनं घरातच बसावं अशीच ही रचना आहे. ती बसते. घरात बसून पाय आणखी कच्चे होतात, मग न्हाणीत पडते, खुब्याचं हाड मोडतं. मग म्हणतात, वय झालं होतं.

म्हणून माझं मागणं थोडकं आहे. प्रत्येक सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला ही तपासणी आणि ही युक्ती हातानं करता आली पाहिजे. आशाताईंना ते तीन प्रश्न पाठ असले पाहिजेत: कशानं होतं, किती वेळ टिकतं, कानाचं काय? मेडिकलवाल्यानं महिनोन्‌महिने तीच गोळी मागणाऱ्याला चिठ्ठी विचारावी. मुकादमानं गरगरलेल्या गड्याला खाली उतरवून खालचं काम द्यावं, घरी हाकलू नये. शेतीला वीज दिवसा मिळावी आणि फाट्यावर चालायला जागा मिळावी. यातलं एकही मागणं नवं मशीन मागत नाही.

आणि घरच्यांसाठी एक. घरातली बाई म्हणाली की घर फिरतंय, तर ते खरंच फिरतंय असं धरून चाला. तिच्या डोळ्यांकडं बघा. बुबुळं उडताना दिसली तर तिला साखर-पाणी देत बसू नका, कानाच्या डॉक्टरकडं न्या. आणि तिथं डॉक्टर तुमच्याकडं बघून बोलायला लागला, तर त्याला सांगा, आजार हिला आहे, हिच्याशी बोला.